‘चवथ जांवदी’ म्हणजे ‘नाही’: हे मधल्या माणसानं सांगायचं का?

पेडण्याची बाई

आधीच सांगते, कोंकणी की मराठी हा वाद इथं नको. गोव्यातला कुठलाही धागा तिसऱ्या प्रतिसादाला त्याच वळणावर जातो, आणि मला खरोखर एका प्रश्नाचं उत्तर हवंय.

मी पेडणे तालुक्यात हायस्कुलात मराठी शिकवते. घरात आमची पेडण्याची कोंकणी, वाचणं-लिहिणं मराठीत, हिंदी-इंग्लिश कामापुरती. 2023 च्या जानेवारीत मोपाहून विमानं उडायला लागली तेव्हापासून आमच्याकडे दिल्ली-गुरुग्रामची माणसं जमिनी बघत फिरतात. माझा एक चुलतभाऊ त्यांना जागा दाखवतो. दलाल म्हटलेलं त्याला खपत नाही, कन्सल्टंट म्हणायचं. 2025 च्या जुलैत मला म्हणाला, “एक गिऱ्हाईक येतंय, म्हाताऱ्याशी बोलायला मधे कोणीतरी पाहिजे, दोन तास ये.” तुला काय झालं बोलायला, असं विचारलं तर म्हणे, म्हाताऱ्याचा त्याच्यावर विश्वास नाही. माझ्या हाताखाली म्हाताऱ्याचा नातू शिकलाय, म्हणून मी.

गेले. बाहेर धो धो पाऊस. सोप्यावर म्हातारा आरामखुर्चीत, म्हातारी दाराच्या चौकटीला टेकून उभी, गिऱ्हाईक ओल्या मोज्यांनी बाकड्यावर. बूट पायरीवर काढून ठेवले होते आणि ते भिजतायत की काय म्हणून दर दोन मिनिटांनी तिकडे नजर. माणूस वाईट नव्हता. घराची तारीफ केली, माडांची केली, हवेची केली. मग म्हातारीकडे वळून म्हणाला, “अम्मा, आपका पूरा खयाल रखेंगे.” मी ‘जतनाय’ हा शब्द वापरून तेच कोंकणीत सांगितलं. म्हातारी काही न बोलता आत गेली.

मग त्यानं आकडा सांगितला. तो कोंकणीत सांगताना माझाच घसा सुकला. म्हाताऱ्यानं ऐकला, अंगणातल्या माडाकडे जरा वेळ बघत राहिला आणि आत तोंड करून म्हणाला, “चा हाड गो.”

चहा आला, बशीत शंकरपाळ्या आल्या. कप खाली ठेवून म्हातारा म्हणाला, “चवथ जांवदी, मागीर पळोवया.”

मी सांगितलं, “चतुर्थी के बाद देखेंगे.” ‘चा हाड गो’ मी सांगितलंच नाही. ते बायकोला होतं, पाहुण्याला नव्हतं.

निघताना म्हातारा पायरीपर्यंत आला, पावसात भिजू नये म्हणून स्वतःची छत्री दिली. गाडीत बसल्यावर गिऱ्हाईक खूश. “बहुत अच्छे लोग हैं. हो जाएगा.”

8 सप्टेंबरला, सोमवारी, फोनबिन न करता गिऱ्हाईक चेकबुक घेऊन म्हाताऱ्याच्या दारात हजर. पक्षपंधरवड्याचा पहिला दिवस! म्हातारा म्हणाला, “हांवें तेन्नाच सांगिल्लें,” म्हणजे मी तेव्हाच सांगितलं होतं, आणि दार लोटून घेतलं. पाच मिनिटांत मला गिऱ्हाइकाचा फोन. “मॅडम, आपने ठीक से ट्रान्सलेट नहीं किया.”

आता माझी अडचण. सोप्यावर बसल्या बसल्याच मला कळलं होतं की हा नकार आहे. ‘चवथ’ येण्याआधीच, ‘चा हाड गो’ लाच कळलं होतं. पण म्हातारा ‘नाही’ म्हणाला नव्हता, मग मी कशी म्हणणार? एम.ए.ला आम्ही अभिधा-लक्षणा-व्यंजना घोकली, म्हणजे शब्दाचा सरळ, लाक्षणिक आणि सूचित अर्थ. संस्कृत काव्यशास्त्रातल्या मम्मटाचं ते ‘गतोऽस्तमर्कः’ आठवतंय: सूर्य मावळला हे एकच वाक्य, पण गुराख्यानं ऐकलं तर गुरं वळव, दुकानदारानं ऐकलं तर माल आवर. पण हेच वाक्य तिसऱ्या माणसाला दुसऱ्या भाषेत सांगायचं असेल, तर सूर्य सांगायचा की गुरं, हे त्या वर्गात कोणी सांगितलं नाही.

कोणी हे काम रोज करत असेल तर सांगा.


बाजाराचा शुक्रवार

बाई, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. दुभाष्या म्हणजे नळ. वरून आलं ते खालून पडायचं. कोटींचा व्यवहार करायला येतो आणि ‘देखेंगे’ कळत नाही? दिल्लीत ‘देखेंगे’ म्हणजे काय मुहूर्त असतो?


उसगावचा निवृत्त

नळ म्हणणाऱ्या बाबांनी एकदा साक्षीदाराच्या शेजारी उभं राहून बघावं.

मी 31 वर्षं कोर्टात चाकरी केली, कुठल्या ते राहू दे. कागद इंग्लिशमध्ये, साक्षीदार कोंकणीत नाहीतर मराठीत, आणि मधे आमच्यासारखा कोणी. बहुतेक न्यायाधीशांना आपली भाषा यायची, स्वतःच ऐकून टायपिस्टला सांगायचे. पण बाहेरून आलेला वकील असला की मला उभं करायचे. 1969 चा शपथांचा कायदा दुभाष्यालाही लागू आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. साक्षीदाराइतकीच शपथ आम्हाला. आणि 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 282 होतं, दुभाष्यानं खरं तेच भाषांतर सांगायचं म्हणून. 1 जुलै 2024 पासून संहिता नवी आली, काम तेच.

पण ‘खरं’ म्हणजे काय, हे मला एका शब्दानं शिकवलं. तो शब्द ‘खंय’.

हद्दीचा वाद होता. साक्षीदार म्हणाला, “ताणें आंबो कापलो खंय.” मी सांगितलं, “ही कट द मँगो ट्री.” झालं, कागदावर गेलं. तासाभरानं उलटतपासणी. वकील म्हणतो, तू कापताना पाहिलंस? साक्षीदार म्हणतो, “ना, हांवें खंय पळयलें?” म्हणजे मी कुठं पाहिलं! वकिलानं लगेच हात वर केला: साक्षीदार जबाब फिरवतोय. अहो, तो काही फिरवत नव्हता. पहिल्या वाक्यातला ‘खंय’ म्हणजे आपल्या मराठीतला ‘म्हणे’. “त्यानं आंबा कापला म्हणे.” ऐकीव गोष्ट आहे, असं त्यानं पहिल्याच दमात सांगितलं होतं. दुसऱ्या वाक्यातला ‘खंय’ म्हणजे ‘कुठं’. मी पहिला गाळला, कारण इंग्लिशमध्ये तो कुठं ठेवायचा ते सुचलं नाही, आणि दोन अक्षरांनी काय बिघडतंय असं वाटलं. 1872 च्या पुराव्याच्या कायद्यापासून नियम आहे की तोंडी पुरावा प्रत्यक्ष हवा, पाहिलं असेल तर पाहणाऱ्यानंच सांगायचं. माझ्या दोन अक्षरांनी ऐकणाऱ्याचा पाहणारा केला, आणि मग खोटारडाही केला.

मी उठून साहेबांना सांगितलं की चूक माझी. नोंद दुरुस्त झाली. साक्षीदार बाहेर व्हरांड्यात मला म्हणाला, “सायबा, तुमकां कोंकणी येना?” आयुष्यात एवढा अपमान झाला नव्हता.

दुसरं उदाहरण ‘हां’. वकील लांबलचक प्रश्न घालतोय, मी तुकड्या-तुकड्यानं कोंकणीत सांगतोय, आणि साक्षीदार दर तुकड्याला “हां… हां…” करतोय. ऐकतोय, पुढे बोल, एवढाच त्याचा अर्थ. फोनवर आपण नाही का करत? तो ‘हां’ मी ‘येस’ म्हणून दिला असता तर माणूस न केलेलं कबूल करून बसला असता. म्हणून मी आधी साहेबांना सांगायचो की प्रश्न अजून पुरा झालेला नाही, हा हुंकार आहे.

तर बाई, तुम्हाला माझं सांगणं: शब्दामागे माणसानं जेवढं दडवलं असेल तेवढं दडलेलंच पलीकडे न्यायचं. उघडं करायचं नाही, आणि आणखी झाकायचंही नाही. ‘तो नाही म्हणतोय’ असं तुम्ही सांगितलं नाहीत, बरं केलंत. ते तुमचं मत झालं असतं, त्याचं बोलणं नव्हे.


ताळगाव पठार

काका, तुमचा ‘खंय’ मी उचलणार आहे, परवानगी गृहीत धरते. मी भाषाविज्ञानात संशोधन करते, प्रॅग्मॅटिक्स हाच विषय, म्हणजे बोललेलं आणि म्हणायचं असलेलं यांच्यामधल्या जागेचा अभ्यास. बाईंचा प्रश्न त्या जागेच्या अगदी मधोमध आहे.

काकांशी अर्धी सहमत, अर्धी नाही. ‘खंय’ आणि ‘चवथ जांवदी’ या दोन वेगळ्या जाती आहेत. ‘खंय’ हा भाषेनं दिलेला शब्द आहे, त्याचं कामच ‘हे माझं पाहिलेलं नाही’ असं सांगणं. तो सूचित नाही, उच्चारलेला आहे. इंग्लिशमध्ये त्याला एका शब्दाची जागा नसेल तर ‘आय हॅव हर्ड’ असं पूर्ण वाक्य घाला, पण घालाच. तिथं दुभाष्याला निवड नाही.

‘चवथ जांवदी’ मधला नकार मात्र शब्दात नाहीच. तो ऐकणाऱ्यानं काढायचा असतो. पॉल ग्राइस या तत्त्वज्ञानं 1967 मध्ये हार्वर्डला व्याख्यानं दिली, त्यातलं गाजलेलं व्याख्यान 1975 मध्ये छापलं गेलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बोलणारी माणसं एकमेकांना सहकार्य करतायत असं आपण धरून चालतो. लागेल तेवढं बोलेल, खरं बोलेल, विषयाला धरून बोलेल, समजेल असं बोलेल. आणि कोणी यातलं एखादं उघड-उघड मोडलं की आपण त्याला वेडा ठरवत नाही, त्यामागचा हेतू शोधतो. आता सोप्यावर बघा. समोर कोटींचा आकडा पडलाय आणि म्हातारबाबा म्हणतात, चा हाड गो. विषय सुटला. घरच्या माणसाला क्षणात कळतं की सुटला नाही, सोडला. बाईंना ‘चा’ लाच कळलं ते यामुळे. आणि ते त्यांनी सांगितलंच नाही! ताई, माझ्या मते तुमची पहिली चूक ‘देखेंगे’ नव्हे, ती ही. बायकोला म्हटलेलं होतं, हे खरं. पण आकड्यानंतरची पहिली प्रतिक्रिया तीच होती. पाहुण्यानं आकडा सांगितला, मग काहीतरी कोंकणी झालं, मग चहा आला, मग ‘देखेंगे’ आलं. आकडा आणि चहा एकमेकांना चिकटून आले होते, हे त्याला दिसलंच नाही. नुसतं ‘पत्नी को चाय लाने को कह रहे हैं’ एवढं त्याच क्षणी सांगितलं असतं, तरी तो गप्प पडलेला क्षण त्याच्या वाट्याला आला असता. अर्थ त्यानं काढला असता, किंवा नसता.

काकांच्या ‘दडलेलं दडलेलंच न्या’ ला ग्राइसकडे भक्कम आधार आहे. सूचित अर्थाची एक खूण तो सांगतो: तो मागे घेता येतो. म्हातारबाबांना उद्या पैशांची गरज पडली, तर ते म्हणू शकतात, “मी कुठं नाही म्हटलं? चवथ जांवदी म्हटलं.” ती पळवाट त्यांनी मुद्दाम राखली होती. दुभाष्यानं ‘नाही’ म्हणून टाकलं की ती बुजली. आणि सभ्यतेचा जो सिद्धांत ब्राउन आणि लेव्हिन्सन यांनी मांडला, त्यासाठी त्यांनी ज्या तीन भाषा प्रामुख्यानं अभ्यासल्या त्यांतली एक आपल्या दक्षिणेतली तमीळ होती, त्यामुळे तो वाचताना परका वाटत नाही. त्यांचं म्हणणं, माणूस आडवळणानं बोलतो तेव्हा दोघांचीही अब्रू सांभाळत असतो. सोप्यावर बसलेल्या, तुमचा चहा प्यायलेल्या माणसाला तोंडावर ‘ना’ म्हणायचं नसतं, इतकं साधं.

मग गिऱ्हाइकाला ते का कळलं नाही? हिंदीतही ‘देखेंगे’ म्हणजे बहुतेक वेळा नाहीच. शुक्रवारबाब म्हणतात ते बरोबर आहे. इथं स्पर्बर आणि विल्सन या अभ्यासकांचं 1986 चं पुस्तक कामाला येतं. ते म्हणतात, ऐकणारा सगळे अर्थ तपासत बसत नाही; अपेक्षेला पुरेसा उतरणारा पहिला अर्थ हाती लागला की थांबतो. चेकबुक घेऊन फिरणाऱ्याच्या अपेक्षेला काय उतरेल? तारीख. गुट नावाच्या अभ्यासकानं 1991 मध्ये हेच भाषांतराला लावलं: भाषांतरकारानं शब्द सारखे ठेवले तरी ऐकणाऱ्याचं गृहीत वेगळं असेल तर अर्थ वेगळाच निघतो, म्हणून आपण काय बोललो यापेक्षा समोरचा त्यातून काय काढेल, याचा अंदाज भाषांतरकाराला आधी हवा.

म्हणून माझा प्रश्न, ताई, आणि रागावू नका: ‘चतुर्थी के बाद देखेंगे’ एवढंच बोललात? नक्की? त्यानं उलट काही विचारलं नाही?

(काका, एक राहिलं. साक्षीदार दर वाक्याला ‘सायबा’ म्हणतो ते तुम्ही ठेवायचात की गाळायचात? अमेरिकेत सुझन बर्क-सेलिगसन यांनी स्पॅनिश साक्षीदारांवर काम केलं, 1990 मध्ये पुस्तक आलं. दुभाष्यानं ‘सर’ ‘मॅडम’ गाळलं की ऐकणाऱ्यांना तोच साक्षीदार कमी विश्वासाचा वाटला.)


उसगावचा निवृत्त

‘सायबा’ पहिल्या वाक्याला ठेवायचो, पुढे वेळ वाचवायचो. आता तुम्ही सांगताय तर वाटतंय की कोणाचं तरी नुकसान केलं असेल. 31 वर्षं झाली, आता कोणाला विचारू.


रात्रपाळी

तुम्ही दोघं कोर्ट आणि जमिनीचं बोलताय. मी दवाखान्यात आहे, मोठा आहे, नाव नको. आमच्याकडे दोडामार्ग, सावंतवाडी, कुडाळकडून पेशंट येतात. डॉक्टर पुष्कळदा दुसऱ्या राज्यातले. डॉक्टर राउंडला येतात, “कैसे हो आजोबा?” आजोबा म्हणतात, “बरां आसा.” मी पहिल्या वर्षी ते ‘ठीक हैं’ म्हणून दिलं आणि डॉक्टर पुढच्या खाटेकडे. आजोबा रात्रभर कण्हत होते. मालवणी माणसाला ‘कसो आसस’ विचारलं की तो मरता मरतासुद्धा ‘बरां आसा’ म्हणतो, ते उत्तर नाही, नमस्कार आहे.

तिथं मी दडलेलं दडलेलं नेत नाही, काका. सरळ सांगते, “डॉक्टर, हे बोलायची रीत म्हणून म्हणाले, दुखण्याचं वेगळं विचारा.” आणि विचारायचं तर ‘दुखता काय’ असंही नाही, ‘काल रात्री कितक्या वेळा उठलास’ असं. ‘दुखता काय’ ला ‘नाय गे’ येतं.

कोर्टात तुम्ही मधे तोंड घातलं तर पुरावा बिघडतो. माझ्याकडे नाही घातलं तर माणूस.


पेडण्याची बाई

ताळगावच्या ताई, तुमच्या प्रश्नाला दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण उत्तर माहीत होतं.

नाही, एवढंच बोलले नाही. मी ‘चतुर्थी के बाद देखेंगे’ म्हटल्यावर त्यानं विचारलं, “कब है इस साल?” आणि मी, बाईच ती, समोर भिंतीवर कालनिर्णय होतं तिथं जाऊन महिना उलटून बघितला आणि म्हटलं, “27 अगस्त. यहाँ ग्यारह दिन तक चलता है, तो सितंबर का दूसरा हफ्ता समझिए.” त्यानं फोनमध्ये लिहून घेतलं. म्हातारा ते बघत होता. मला वाटलं मी मदत करतेय.

आत्ता लिहिताना दिसतंय. ‘चवथ जांवदी’ मधे वजन ‘जांवदी’ वर होतं. जाऊ दे. होऊन जाऊ दे. कोंकणीतली चवथ ही तारीख नव्हतीच, ती लांबची, मोठी, घरभर माणसं असलेली गोष्ट होती, जिच्या आड काहीही ठेवता येतं. मी तिला बुधवारवर नेऊन बसवलं. पुढचा सगळा दोष त्या एका उठून भिंतीपर्यंत जाण्याचा. आणि दुसरा आठवडा म्हणजे पक्षपंधरवडा सुरू, हे त्याच कालनिर्णयात खाली छापलेलं होतं, तेवढं मात्र मी वाचलं नाही.

आणखी एक राहिलेलं सांगून टाकते. कालनिर्णय झाल्यावर म्हातारा म्हणाला होता, “बायलेकूय विचारूंक जाय.” मी दिलं, “वाइफ से भी पूछना पड़ेगा.” गिऱ्हाईक मोठ्यानं हसला, “सबका यही हाल है, अंकल!” म्हातारा हसला नाही. हे कशात बसतं?


उसगावचा निवृत्त

हे कायद्यात बसतं, बाई! दिल्लीवाल्याला वाटलं म्हातारा बायकोच्या धाकात आहे किंवा वेळ काढतोय. गोव्यात 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा 1870 पासून लागू झाला, आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची समाईक. एकट्या नवऱ्याला घर-जमीन विकता येत नाही, बायकोची संमती लागते. आमच्या डोळ्यांसमोरून गेलेल्या विक्रीखतांवर दोन-दोन सह्या. भाऊ चार असले तर चार जोड्या. तेव्हा “बायलेकूय विचारूंक जाय” हा आडपडदा नव्हता, सरळ माहिती होती. आणि ती बायको जतनाय ऐकून मघाशीच आत गेलेली.


ताळगाव पठार

वा, काका. यालाच मी गृहीत म्हणत होते. शब्द सगळे पोचले, पण दिल्लीच्या माणसाच्या डोक्यात हा कायदा नव्हता, म्हणून माहितीचा विनोद झाला. इथं मात्र मी ‘मधे पडा’ म्हणेन. म्हाताऱ्याचा नकार उघडा करणं ही एक गोष्ट, आणि गोव्यातल्या प्रत्येकाला माहीत असलेली बाब परक्याला सांगणं ही दुसरी. पहिली त्याची खाजगी, दुसरी सार्वजनिक. फक्त ते सांगताना आवाज स्वतःचा आहे हे दोघांनाही कळू दे: “हे माझं सांगणं आहे, त्यांचं नाही,” आणि तेच म्हाताऱ्याला कोंकणीतही. नाहीतर त्याला वाटेल, ही बाई त्या माणसाशी आपल्याविषयी काय बोलतेय.

‘खयाल रखेंगे’ चंही तेच. हिंदीत ते साधं सौजन्य आहे. कोंकणीत ‘जतनाय घेतो’ म्हटलं की विचार येतो, आमची जतनाय घ्यायला आम्ही काय निराधार? शब्द बरोबर, कृती चुकली. ऑस्टिन या तत्त्वज्ञानं 1955 मध्ये हार्वर्डलाच सांगितलं होतं की बोलणं हे करणं असतं. पाहुणा धीर देत होता, तुमच्या मुखातून तो आश्रय देऊ लागला.


बाजाराचा शुक्रवार

मी नळ मागे घेतो. पण बाई, पैसे किती मिळाले ते सांगितलंच नाही.


पेडण्याची बाई

दोन हजार, पाकिटात. परत केले नाहीत.

चुलतभावाचा परवा फोन होता, मांद्रेला एक जागा, बंगळूरची पार्टी. जाईन म्हटलं, पण बसल्या बसल्या दोन्ही बाजूंना आधी दोन गोष्टी सांगणार: मी ‘मी’ म्हणेन तेव्हा तो बोलणारा माणूस समजायचा, मी नव्हे, आणि मला माझं काही सांगायचं असेल तेव्हा हात वर करून सांगेन. भाऊ म्हणाला, शाळा घेतेस काय? घेते.

काल छत्री परत करायला गेले होते. ती गिऱ्हाइकानं भावाच्या गाडीतच टाकलेली, इतके दिवस डिकीत होती. म्हातारा तिथंच, त्याच खुर्चीत. छत्री उघडून काड्या मोजल्या, मिटली. मी धीर करून विचारलं, “आबा, त्या दिवशी मी त्याला सरळ ‘ना’ म्हणून सांगितलं असतं, तर तुम्हाला चाललं असतं?”

आबांनी माडाकडे बघितलं. मग आत तोंड करून म्हणाले, “चा हाड गो.”

शंकरपाळ्या या खेपेला नव्हत्या.